चपला कोणी सांभाळायच्या?

उन्हाळ्याची सुटी लागली की आम्हा अलिबागकरांचं घर म्हणजे धर्मशाळा. मुंबईचे दीर-जाऊ, पुण्याची नणंद, त्यांची मुलं. सकाळी घावन, दुपारी सोलकढी-भात आणि उन्हं कलली की सगळी वरात नागावच्या किनाऱ्यावर! तिथे मोटरबोटीला दोर बांधून माणसाला रंगीत पॅराशूटसकट वर चढवतात, त्याला पॅरासेलिंग म्हणतात. आमच्याकडची झाडून सगळी एकेकदा वर जाऊन आली आहेत. आणि मी? मी वाळूत बसून त्यांच्या चपला, पर्सेस, चष्मे नि मोबाईल सांभाळते. गेली अकरा वर्षं!

यंदा मात्र शाळेत एक गंमत झाली. मी अर्धवेळ शिक्षिका, त्यामुळे रजेवरच्या बाईंचे तास हमखास माझ्या वाट्याला. असाच एक मोकळा तास आठवीवर मिळाला, म्हणून मुलींना पुण्याच्या शीतल महाजनची गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, "बाई, तुम्ही कधी वर गेलात?" तेवढ्यात घंटा झाली, म्हणून सुटले.

शीतलताईंचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. तरी पुन्हा सांगते, कारण मला त्यात एक गोष्ट फार विलक्षण वाटते. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी थेट उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून उडी मारली. उंची २,४०० फूट, थंडी उणे ३७ अंश, आणि ही त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी! आधी सरावाची एकही नाही. वय अवघं एकवीस. आपण पहिली पुरणपोळीसुद्धा आईला शेजारी उभं करून लाटतो, नाही का? पुढे डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण ध्रुव, ११,६०० फुटांवरून. २००८ साली लग्न केलं तेही गरम हवेच्या फुग्यात, जमिनीपासून वर! (भटजींचं काय झालं असेल, हा आमच्या सासूबाईंचा प्रश्न.) २०११ साली पद्मश्री मिळाली. जुळे मुलगे झाले, तरी उड्या थांबल्या नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडला, १३,००० फुटांवरून, चक्क नऊवारी नेसून उडी घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी मारून त्या काळा पत्थरला उतरल्या.

त्या आधीही बायका होत्याच बरं का. हवाई दलातल्या डॉक्टर गीता चंदा यांनी १९५९ साली पॅराशूटने उडी घेतली होती. रेचल थॉमस यांनी १९७९ साली आग्र्याला सुरुवात केली आणि २००२ साली उत्तर ध्रुवावर उडी मारली.

नऊवारीतल्या उडीचा व्हिडिओ मी घरी सासूबाईंना दाखवला. वाटलं, म्हणतील हे काय भलतंच! तर त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, आपली हिरकणी नाही का रायगडाचा कडा उतरली? तीही लुगड्यातच."

खरंच की! पण रात्री भांडी आवरताना माझ्या मनात आलं, हिरकणीचं कौतुक आपण का करतो? घरी तान्हं बाळ होतं म्हणून. बाळ नसतं आणि ती नुसती हौस म्हणून कडा उतरली असती, तर लोकांनी काय म्हटलं असतं? बाईने मुलासाठी, नवऱ्यासाठी जीव धोक्यात घातला की तिचा बुरूज होतो. स्वतःसाठी घातला की "घरदार नाही का हिला?" शीतलताईंना ध्रुवावर कोणाचं बाळ आणायचं नव्हतं. त्यांना उडी मारायची होती, एवढंच. मला हे पटवून घ्यायला दोन दिवस लागले. खोटं कशाला सांगू?

रविवारी ह्यांच्या हातात पर्स दिली नि म्हटलं, "आज मी जाते."

हे म्हणाले, "तू? आणि चपला?"

मी नुसतं पाहिलं. हे वाळूत बसले.

आता तुमच्या उपयोगाचं सांगते. साडी नको, पंजाबी ड्रेस किंवा ट्राउझर बरी, कारण पट्टे मांड्यांभोवती आवळतात. ओढणी घरीच ठेवा. मंगळसूत्र कुडत्याच्या आत घालून पिन लावा. काचेच्या बांगड्या काढा, केस घट्ट बांधा. शीतलताईंची नऊवारी पाहून साडीत जायचा मोह होईल, पण त्यांच्या पाठीशी वर्षानुवर्षांचा सराव होता. लाइफ जॅकेटशिवाय बोटीत पाऊल टाकू नका. २०२१ साली अलिबागजवळच दोर तुटून दोघीजणी समुद्रात पडल्या होत्या, त्या जॅकेटमुळे वाचल्या. दोर विरलेला वाटला, वारा वाढला, तर पैसे परत मागायला लाजू नका. आपण भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडतो, इथे तर जीव आहे. दिवस गेलेले असतील, रक्तदाब किंवा कंबरेचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिला मिनिटभर मी डोळेच उघडले नाहीत. मग वाटलं, एवढे पैसे भरलेत, ते वाया जातील, म्हणून उघडले! खाली नारळ-सुपारीच्या वाड्या, उत्तरेला कुलाब्याचा किल्ला, आणि किनाऱ्यावर माणसांचे ठिपके. त्यातला माझा कुठला, ते ओळखू येईना. वर आवाज नव्हता. कोणी "अगं, टॉवेल कुठे आहे?" विचारत नव्हतं.

अर्थात ही काही स्कायडायव्हिंग नव्हे. आपण दोराला बांधलेल्याच असतो. खरी उडी म्हणजे दहा-बारा हजार फुटांवर विमानाचं दार उघडतं, मग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली, आणि छत्री उघडल्यावर पाच-सहा मिनिटं तरंगणं. नवख्या माणसाला प्रशिक्षकाच्या पुढ्यात पट्ट्यांनी जोडतात, त्याला टँडेम म्हणतात. पाठीवर दोन छत्र्या असतात, मुख्य आणि राखीव. राखीव वेळेवर आपोआप उघडावी असं यंत्रही असतं. आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत हरियाणातल्या नारनौलजवळ अशा उड्या होत आल्या आहेत. खर्च साधारण एका बऱ्यापैकी फ्रिजएवढा. मी पोस्टात वेगळं खातं उघडलंय. घरात अजून सांगितलेलं नाही, तेव्हा हा अंक ह्यांच्या हाती लागू देऊ नका.

आठवीच्या त्या मुलीला सोमवारी उत्तर दिलं. तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला, "बाई, आता विमानातून कधी?"

आणि हो, त्या रविवारी परत येऊन पाहते तर सगळ्यांच्या चपला जागेवर, फक्त ह्यांचीच एक लाटेबरोबर गेलेली. घरी येईपर्यंत एका पायात चप्पल नव्हती. पुढच्या रविवारी नणंदेचा नंबर आहे. चपला जावई सांभाळणार आहेत.