चूक माणसाची की टेबलाची?



मी नोकरीला लागलो तेव्हा मिळालेले टेबल जवळजवळ छातीला लागत असे आणि खुर्चीचा एक हात तुटलेला होता. बेरीज चुकली की साहेब विचारत, "लक्ष कुठे असते?" लक्ष मानेच्या कळेकडे असायचे, पण ते सांगायचे कोणाला?

आज अशाच एका टेबलाची गोष्ट. फरक एवढाच, की तिथली चूक खोडरबराने पुसता येत नाही.

विमानतळावरच्या उंच मनोऱ्यात बसून वाहतूक नियंत्रक विमानांना उतरण्याची, उडण्याची परवानगी देतात. १ फेब्रुवारी १९९१ च्या संध्याकाळी अमेरिकेत लॉस एंजेलिसला एका नियंत्रक बाईंनी एका लहान विमानाला धावपट्टीवर थांबायला सांगितले आणि थोड्याच वेळात त्याच धावपट्टीवर मोठे विमान उतरू दिले. टक्कर झाली. ३५ जण दगावले.

बाईंना दोष देऊन प्रकरण मिटले असते. पण चौकशी मंडळाने कामाची जागाही तपासली. जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार त्या दिवशी बंद होते. आवारातल्या दिव्यांची तिरीप डोळ्यांवर येई, त्यामुळे लहान विमान उभे होते ती जागा मनोऱ्यातून नीट दिसत नसे. दुसऱ्या एका विमानाची कागदी पट्टी वेळेवर बाईंपर्यंत पोचली नव्हती. तिच्या शोधात लक्ष गेले. एकाची चूक दुसऱ्याने सावरावी अशी व्यवस्थाच ठेवली नव्हती, म्हणून मुख्य ठपका व्यवस्थापनावर आला.

काम माणसाला बेतून मांडायचे, माणसाला कामासाठी मोडायचे नाही, या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. नियंत्रण कक्षांसाठी त्याची आंतरराष्ट्रीय मानके १९९९ सालापासून निघाली. मनोऱ्याच्या काचा वरच्या बाजूने बाहेर कललेल्या असतात, म्हणजे आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब डोळ्यांसमोर येत नाही. छत काळपट, दिवे मंद करता येणारे. पडदे असे बसवायचे, की बाहेरची धावपट्टी झाकली जाऊ नये. उंच-ठेंगण्या सर्वांना चालावे म्हणून टेबल-खुर्ची वरखाली होणारी. खुर्चीत पाळीपाळीने माणसे बसतात. चांगला कारागीर आधी लाकडा-पुठ्ठ्याचा नमुना उभारतो, त्यात प्रत्यक्ष नियंत्रकांना बसवतो आणि विचारतो, "कुठे अडतंय?" मुंबई विमानतळावरचा सुमारे ८४ मीटर उंच मनोरा २०१४ च्या पहिल्या दिवसापासून चालू झाला. खालून जाताना त्याच्या काचांकडे जरूर पाहा.

हा प्रश्न आपल्याला विचारतो कोण? गिरणीत, कचेरीत, शिलाई मशीनवर हात चुकला की पगार कापला जातो. यापुढे मेमो आला तर उत्तरात उजेड कसा होता, बसायला काय होते, सलग किती तास झाले, हेही लिहा. युनियनच्या बैठकीत मांडा.

आणि सुरुवात घरापासून करा. घरातल्या बाईला ओट्यासमोर उभे करून कोपर काटकोनात वाकवायला सांगा. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवा. फार खाली असेल तर पोळपाटाखाली पाट ठेवा. फार उंच असेल तर पायाखाली न हलणारा पाट घ्या. खर्च काही नाही. फक्त एकदा तिला विचारावे लागेल, "तुझी पाठ कुठे दुखते?"