बसला म्हणजे बरोबर?

परवा मालवणहून भाचेजावयांचा फोन आला. त्यांची छोटी मासेमारीची बोट आहे. "मामा, पंपाचा नवा बेल्ट टाकला. छान बसलाय, पण तासाभरात इंजिन तापतंय."

आता यवतमाळच्या निवृत्त मास्तरला बोटीतलं काय कळणार? आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाहीतर बेंबळा धरण! पण बेल्ट म्हटला की मला आमच्या गावची पिठाची गिरणी आठवते. नवा बेल्ट आणायला गिरणीवाल्या काकांनी एकदा मला शहरात पाठवलं होतं. मी जुना बेल्ट सुतळीने मोजला आणि तेवढ्याच लांबीचा घेऊन आलो. बसला. दोन दिवसांत गिरणीत पिठाऐवजी जळक्या रबराचा वास! लांबी जमली होती, रुंदी चुकली होती.

व्ही-बेल्ट पुलीला धरतो तो दोन्ही कडांनी, तळाने नाही. ए जातीचा बेल्ट वरून १३ मिलिमीटर रुंद, बी जातीचा १७. बी-५२ म्हणजे बी जात आणि आतली लांबी ५२ इंच. बीच्या खाचेत ए घातला तर तो तळाला टेकतो आणि घसरतो. मग लोक राळ लावतात किंवा आणखी ताणतात. ताणला की बेअरिंग जातं.

मी जावईबापूंना एवढंच विचारलं, "बेल्ट खाचेच्या तळाला टेकतो का?" ते बघून म्हणाले, "टेकतो की!" झालं. बेल्ट घसरतो, पंप पुरेसा फिरत नाही, पाणी खेळत नाही, इंजिन तापतं. गिरणी बंद पडली तर लोक दळण घेऊन घरी जातात. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर?

माझं स्पष्ट मत आहे की "चालते ना, बसला तर" ही आपली सवयच घातक आहे. जुना बेल्ट ताणलेला, झिजलेला असतो; त्याची साक्ष खरी मानू नये. इंजिनाच्या पुस्तकातला नंबर वहीत लिहावा, तोच मागावा आणि एक जादा बोटीत ठेवावा. चढवताना इंजिन बंद करून, बोल्ट सैल करून चढवावा. पेचकसाने उचकटून चढवला की आतले धागे तुटतात, आणि ते वरून दिसत नाही.

खंत एकच. वर्षानुवर्षं मी फळ्यावर वर्तुळाचा परीघ शिकवला. दोन सारख्या पुल्यांना लागणारा बेल्ट म्हणजे एका पुलीचा परीघ अधिक केंद्रांमधल्या अंतराची दुप्पट. इतकं सोपं उदाहरण! पण वर्गात एकदाही बेल्ट नेला नाही.

असो. जावईबापूंनी बेल्ट बदलला. काल भाचीचा फोन होता, बोट वेळेत परत आली म्हणून.