‘केवळ मातेकडून’ या नियमाला शिंपल्याचे उत्तर

तंतुकणिकांमधील डीएनए अपत्याला केवळ मातेकडून मिळतो, हे विधान जीवशास्त्राच्या वर्गात इतक्या निःशंकपणे शिकवले जाते की परीक्षेत ते एका गुणाचे हमखास उत्तर ठरते. त्यातील ‘केवळ’ या शब्दाला खडकाला चिकटून बसणाऱ्या एका साध्या द्विपुट प्राण्याने तीस वर्षांपूर्वीच आव्हान दिले. पाठ्यपुस्तकांनी मात्र त्याची दखल घेतली तर तळटिपेत, तीही क्वचितच.

हा प्राणी म्हणजे मायटिलस वंशाचा निळा शिंपला. कॅनडातील डलहौसी विद्यापीठात एलेफ्थेरिओस झूरोस यांचा गट आणि वेल्समधील स्वान्सी येथे स्किबिन्स्की यांचा गट, अशा दोघांनीही स्वतंत्रपणे 1994 मध्ये एकाच निष्कर्षाची नोंद केली. या शिंपल्यांत तंतुकणिकीय डीएनएचे दोन वंश शेजारी शेजारी नांदतात. मादी आपला डीएनए मुली आणि मुलगे दोघांनाही देते. नर आपला डीएनए फक्त मुलग्यांना देतो. त्यामुळे प्रौढ नराच्या बहुतेक शरीरात आईचा डीएनए आढळतो, पण त्याच्या शुक्राणूंत असतो तो बापाचा. पुढच्या पिढीतील मुलगे तोच पुढे नेतात.

हे घडते कसे, ते पाहण्यासारखे आहे. मायटिलसच्या शुक्राणूत साधारणपणे पाचच तंतुकणिका असतात आणि फलनाच्या वेळी त्या अंडपेशीत शिरतात. सस्तन प्राण्यांत अशा पितृक तंतुकणिकांवर युबिक्विटिनची खूण उमटते आणि त्या नष्ट केल्या जातात. शिंपल्यात मात्र मादी होऊ घातलेल्या भ्रूणात त्या पाच कणिका विभाजनांबरोबर इतस्ततः विखुरतात आणि निष्प्रभ होतात. नर होणाऱ्या भ्रूणात त्या एकमेकींना धरून राहतात आणि एका विशिष्ट पेशीत एकत्र पोहोचतात. या पेशीच्या वंशातूनच पुढे जननग्रंथी घडते. गंमत अशी की संततीत मुली अधिक होणार की मुलगे, हे बऱ्याच प्रमाणात आईवर ठरते. काही माद्यांना नर कोणताही मिळाला तरी जवळजवळ सगळ्या मुलीच होतात, तर काहींना जवळजवळ सगळे मुलगे. बापाचा वारसा टिकणार की नाही, याचा निवाडाही असा आईच्याच हाती राहतो.

या वंशागतीला शास्त्रज्ञ ‘दुहेरी एकपालकीय’ म्हणतात, आणि हे नाव नेमके आहे. येथे नियम मोडलेला नाही. एका नियमाचे दोन समांतर प्रवाह झाले आहेत. म्हणून ‘एक अपवाद’ एवढी टीप जोडून भागत नाही. एरवी नर हा तंतुकणिकेच्या प्रवासातील शेवटचा थांबा असतो. नराला अपाय करणारे, पण मादीला न जाणवणारे उत्परिवर्तन निवडीच्या चाळणीतून सहज निसटते. शिंपल्याच्या नर-वंशावर मात्र नरांमध्येच निवड होते. नियम कशासाठी आहे, हे विद्यार्थ्याला या उदाहरणातून जितके कळेल तितके दहा वेळा घोकून कळणार नाही.

उलट टोकाचा उत्साहही टाळायला हवा. 2018 मध्ये काही मानवी कुटुंबांत पित्याचा तंतुकणिकीय डीएनए आल्याचा दावा गाजला. पुढील अभ्यासांनी दाखवले की केंद्रकातील गुणसूत्रांत जाऊन बसलेले तंतुकणिकीय डीएनएचे तुकडे असाच आभास निर्माण करू शकतात. शिंपल्याचा धडा माणसाला परस्पर लावता येत नाही.

भारतासाठी हा विषय निव्वळ कुतूहलाचा नाही. जाती ओळखण्यासाठी ज्या जनुकाचा ‘बारकोड’ वाचला जातो, ते सायटोक्रोम ऑक्सिडेजचे जनुक तंतुकणिकेतच असते. माणूस आणि चिंपांझी यांच्या तंतुकणिकीय डीएनएत सुमारे 9 टक्के फरक आहे. मायटिलसच्या एकाच जातीतील नर-वंश व मादी-वंश यांच्यात तो 20 टक्क्यांहून अधिक आढळतो, आणि गोड्या पाण्यातील काही शिंपल्यांत 30 टक्क्यांच्या आसपास किंवा पुढेही जातो. एका संशोधकाने पायाचा स्नायू घेतला आणि दुसऱ्याने नराची जननग्रंथी, तर एकाच नदीतील एकाच जातीच्या दोन जाती कागदावर सहज होतील. संवर्धनाच्या याद्या अशाच नोंदींवर उभ्या राहतात. तेव्हा प्रत्येक अनुक्रमासोबत प्राण्याचे लिंग आणि नमुन्याची ऊती नोंदवणे बंधनकारक असावे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवे अनुदानही नाही.

साहित्यही हाताशी आहे. लामेलिडेन्स हा भारतीय नद्या-तळ्यांतला शिंपला युनिओनिडी कुळातला. या कुळातील अनेक जातींत दुहेरी वंशागती सिद्ध झाली आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने मोत्यांच्या शेतीसाठी हाच शिंपला वापरात आणला. मोती घडवण्यासाठी आवरण-ऊतीचे तुकडे ज्या दात्या शिंपल्यांतून काढले जातात, ते तसेही उघडले जातात आणि मरतात. त्याच वेळी सूक्ष्मदर्शकाखाली लिंग पाहून जननग्रंथीचा एक तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका सत्राचे काम आहे.