यजमान कोणी व्हावे?



डिचोली तालुक्यातील आमच्या पाळी गावात वाड्यावाड्यांमध्ये दरवर्षी व्हॉलीबॉलचे सामने होतात. त्यांची एक साधी रीत आहे. जो वाडा जिंकेल त्याने पुढल्या वर्षी यजमान व्हावयाचे. मैदान साफ करणे, चुन्याच्या रेघा ओढणे, दिव्यांची सोय पाहणे आणि शेवटच्या रात्री सर्व खेळाडूंस जेवू घालणे, हे सारे त्याच्याकडे.

गेल्या आठवड्यात यंदाच्या सामन्यांसाठी बैठक भरली. जिंकलेल्या वाड्याने सांगितले, "आमचे निम्मे गडी नोकरीसाठी बाहेर आहेत, यंदा जमणार नाही." दुसऱ्या क्रमांकाचा वाडा म्हणाला, "आम्ही गेल्याच वर्षी केले. लागोपाठ दोनदा खर्च कसा झेपावा?" तिसरा आलेला वाडा मोजून बारा घरांचा, त्यास कोणी विचारलेच नाही. अखेर "यंदा राहू द्या" असे म्हणून माणसे उठली. त्या बैठकीस आम्हीही होतो, आणि आम्हीही मुकाट्याने उठलो.

घरी आल्यावर मात्र मनास चैन पडेना. सेमिनरीत असताना आम्ही बास्केटबॉल खेळत असू. त्या खेळाच्या इतिहासातील एक प्रसंग त्या रात्री राहून राहून आठवला. तो आज आपणांस सांगावासा वाटतो.

बास्केटबॉल हा खेळ अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ साली काढला. हिवाळ्यात मुलांस बंद खोलीत खेळता यावे, एवढाच त्याचा हेतू. त्याने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर टांगल्या आणि चेंडू टोपलीत टाकावयास सांगितले. टोपलीस बूड असल्यामुळे प्रत्येक वेळी कोणीतरी वर चढून चेंडू काढावा लागे! पुढे बूड गेले, लोखंडी कडे व जाळी आली, आणि पाच-पाच गड्यांचा हा खेळ जगभर पसरला.

युरोपातील देशांची अजिंक्यपदाची स्पर्धा १९३५ साली जिनिव्हा येथे सुरू झाली. पहिला मान लाटव्हियाने मिळविला, म्हणून १९३७ ची स्पर्धा लाटव्हियाच्या रीगा शहरी भरली. तेथे लिथुएनिया जिंकला, म्हणून १९३९ साली सारे संघ लिथुएनियातील कौनास शहरी गेले. त्या चिमुकल्या देशाने पाहुण्यांसाठी एक नवे क्रीडागृहच उभारले. जो जिंकेल त्याच्या घरी पुढला मेळा, अशी ही चाल आमच्या पाळीच्या रीतीसारखीच होती. मग महायुद्ध आले व सारे थांबले. युद्ध संपल्यावर १९४६ साली पुन्हा जिनिव्हा येथे सामने झाले व चेकोस्लोव्हाकिया विजयी झाला. म्हणून १९४७ मध्ये पाहुणे प्रागला जमले. त्या वर्षी सोव्हिएट संघ पहिला, चेकोस्लोव्हाकिया दुसरा आणि इजिप्त तिसरा आला.

वाचक म्हणतील, युरोपच्या स्पर्धेत इजिप्त कोठून? त्या काळी आफ्रिका खंडाची स्वतंत्र स्पर्धा नव्हती. ती १९६२ साली कैरोत प्रथम भरली. तोवर भूमध्य समुद्राच्या पलीकडील हा देश युरोपच्या पंक्तीस बसत असे.

आता १९४९ सालच्या यजमानाचा प्रश्न आला. पहिला आलेला सोव्हिएट संघ तयार होईना. दुसरा चेकोस्लोव्हाकिया, त्याने तर नुकतेच प्रागला पाहुणे सांभाळले होते, त्यानेही नकार दिला. तेव्हा तिसऱ्या इजिप्तने "आमच्याकडे या" असे म्हटले. त्या देशाची स्थिती त्या वेळी काही निश्चिंत नव्हती. इस्रायलशी झालेल्या युद्धानंतरचा तहनामा २४ फेब्रुवारी १९४९ रोजी झाला, आणि मे महिन्यात कैरोने पाहुण्यांसाठी मैदान सजविले.

परंतु पाहुणे येईनात! प्रवास लांबचा आणि खर्चाचा. युरोपातील अनेक संघांनी घरीच राहणे पसंत केले. सोव्हिएट संघ आला नाही, चेकोस्लोव्हाकियाही आला नाही. फ्रान्स, ग्रीस, तुर्कस्तान व हॉलंड एवढेच आले. शेजारच्या सीरिया व लेबनॉन यांनीही आपले संघ पाठविले. यजमान धरून सात संघ झाले. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावे असे ठरले. इजिप्तने आपले सर्व सामने जिंकले. फ्रान्स दुसरा व ग्रीस तिसरा आला.

बलाढ्य संघ आलेच नाहीत, मग हा विजय कसला, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. ती अगदीच निराधार नाही. परंतु पुढल्याच वर्षी, १९५० साली, अर्जेंटिनातील ब्युनोस आयरेस येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. तीत दहा देशांत इजिप्त पाचवा आला, फ्रान्सच्याही पुढे. तेव्हा कैरोचा मान केवळ रिकाम्या मैदानावर मिळाला असे म्हणता येणार नाही.

तथापि आम्हांस त्या चषकापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. १९५१ साली पॅरिस येथे पुन्हा स्पर्धा भरली. तेथे अंतिम सामन्यास कोण उभे राहिले? सोव्हिएट संघ आणि चेकोस्लोव्हाकिया! ज्यांनी १९४९ साली यजमानपद नाकारले व जे कैरोस फिरकलेही नाहीत, तेच दोघे. सोव्हिएट संघाने ४५-४४ असा अवघ्या एका गुणाने तो सामना जिंकला. अशी रंगतदार झुंज त्यांस लाभली. कारण मधल्या कठीण वर्षी कोणीतरी मैदान झाडून ठेवले होते. युद्धाने एकदा तुटलेली साखळी पुन्हा तुटू नये म्हणून इजिप्तने आपला खांदा दिला. जे आले त्यांच्याइतकाच, जे आले नाहीत त्यांच्यावरही त्याचा उपकार झाला.

पाहुण्यांस बोलावणे सोपे नसते, हे आम्हां गोमंतकीयांसही ठाऊक आहे. पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांचे लुसोफोनिया खेळ मकाव व लिस्बन यांच्यानंतर गोव्यात भरावयाचे होते. ते ठरले होते नोव्हेंबर २०१३ मध्ये. तयारी अपुरी म्हणून पुढे ढकलले गेले आणि जानेवारी २०१४ मध्ये पार पडले. त्यांत बास्केटबॉलही होता. उशीर झाला खरा, पण पाहुणे आले, खेळले आणि परत गेले. उशिरा घातलेला मांडव हा न घातलेल्या मांडवापेक्षा बरा.

आता आमच्या बारा घरांच्या वाड्याकडे वळू. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या; तेव्हापासून गावातील कितीतरी मुलगे पोटासाठी दूर गेले. कोणी बोटीवर, कोणी आखातात, कोणी वेर्ण्याच्या कारखान्यात. ते सुट्टीवर येतात ते बहुधा सामन्यांचा आठवडा साधून. हिंदू वाडा, ख्रिस्ती वाडा हा भेद त्या मैदानात कोणास आठवत नाही. यंदा सामने राहिले, तर पुढल्या वर्षी "गेल्या वर्षी तरी कोठे झाले?" असे म्हणणे सोपे जाईल, आणि मग परतणाऱ्या मुलांस घर असेल, पण मैदान नसेल.

येथे आमचा दोषही कबूल केला पाहिजे. आमच्या निवासापुढे प्रशस्त अंगण आहे. बैठकीत ते देऊ करण्याचे आमच्या ओठांवर आले होते. परंतु गेल्या साली चेंडू लागून आमच्या दोन कुंड्या फुटल्या होत्या आणि मध्यरात्रीपर्यंतच्या आरोळ्यांनी झोप मोडली होती. ती आठवण झाली आणि आम्ही ओठ मिटले. दोन कुंड्यांच्या मोलाने आम्ही गावाचा आनंद तोलला, याची आज लाज वाटते.

म्हणून येत्या रविवारी सायंकाळी आम्ही स्वतः त्या लहान वाड्यात जाणार आहोत. त्यांच्यावर भार टाकावयास नव्हे, तर त्यांस आजवर कोणी विचारले नाही ते विचारावयास. अंगण आमचे, दिवे आमचे. जेवणाच्या रात्री प्रत्येक वाड्याने एकेक पातेले आणावे. नाव मात्र त्या बारा घरांचे असावे. ते होय म्हणतील की नाही, हे आज सांगवत नाही. पण जिंकलेल्या व हरलेल्या सर्व वाड्यांस आमची एवढीच विनंती आहे की, त्यांनी बोलाविले तर यावे.

कुंड्या आम्ही आजच आत नेऊन ठेवल्या आहेत.