फिरती जागा

व्हॉलीबॉल शिकवताना स्मॅशची घाई करू नये, असे आमचे मत आहे. गुडघे वाकवून, दोन्ही हात जुळवून, चेंडू मनगटाच्या वर झेलून सोबत्याकडे सोपवणे आधी यावे. चेंडू धरून ठेवता येत नाही, तीन स्पर्शांत तो पलीकडे धाडावा लागतो.

परंतु सातारा-सांगलीच्या मैदानांवर उंच मुलगा कायम जाळीपाशी आणि बुटका कायम मागे, असे चित्र दिसते. आम्हीही बुटक्यांना वर्षानुवर्षे चेंडू आणण्यापुरतेच वापरले, हे कबूल करावे लागेल. नियम वेगळे सांगतो. समोरच्यांकडून सर्व्हिस जिंकली, की सहाही जणांनी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एकेक जागा सरकायचे. सर्व्हिस आणि जाळी, दोन्ही प्रत्येकाच्या वाट्याला येतात.

विल्यम मॉर्गन यांनी १८९५ साली अमेरिकेत हा खेळ सुरू केला. पाचच वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, बाल भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. शालेय जीवनात त्यांची जागा ठरलेली होती : कोपऱ्यातले, घरून नेलेले गोणपाट.

आपल्या वसतिगृहात नवख्यांनाही सर्व्हिस करू द्यावी, सामना गेला तरी चालेल. आणि मुलींसाठी जाळी २.४३ वरून २.२४ मीटरवर उतरवण्याचा कंटाळा करू नये.