फोटो झाला, नोकरीचं काय?

दिव्यांग मुलांसाठी रोजगार मेळावा म्हटलं की चित्र ठरलेलं. मंडप, सत्कार, फोटो, अर्जांचा गठ्ठा. माझ्या ओळखीचा एक पोरगा, बी.कॉम. झालेला, व्हीलचेअरवर असतो. अशाच एका मेळाव्याला गेला. मुलाखती पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. खाली कुणी उतरलं नाही. त्याचा बायोडाटा तेवढा वर गेला.

कायदा काय सांगतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा राखीव, सरकारी नोकरीत किमान ४ टक्के. आणि खासगी कंपनी? कलम ३५ म्हणतं, त्यांनी ५ टक्के दिव्यांग घ्यावेत म्हणून सरकारने सवलती द्याव्यात. सक्ती नाहीच. म्हणजे शिकताना हक्क आणि कंपनीच्या दारात विनवणी!

आता आपला शीळफाटा बघा. महापे, ऐरोलीच्या कंपन्या इथून जवळ. पण ट्रक-कंटेनरच्या गर्दीतून व्हीलचेअर रस्त्यापलीकडे न्यायची कशी? बसची पायरी चढता येत नसेल तर ऑफर लेटरचं काय लोणचं घालायचं?

राज्याने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, चांगलं केलं. आता त्याने एकच करावं. अर्ज किती आले ते सांगू नका. सहा महिन्यांनी किती पोरं पगारावर आहेत, ते कंपनीवार जाहीर करा.

तुमच्या कॉलेजात असा मेळावा झाला असेल तर कमेंटमध्ये फक्त आकडा लिहा. आज कामावर किती?