लस टोचून झाली. मोजायला कधी शिकणार?

वन्यजीव संरक्षणाच्या सहलीसाठी केनियाला निघालेल्या अकरावीच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. पण ज्या प्राण्यांच्या रक्षणासाठी आपण चाललो आहोत, त्यांची संख्या कशी ठरते, असे विचारा. बहुतेक जण गप्प होतात. माझा आक्षेप सहलीला नाही, या अर्धवट तयारीला आहे.

मोजमापाविना संरक्षण ही केवळ सदिच्छा असते. सरिस्कात पाऊलखुणांवरून केलेल्या गणनेत वाघ कागदावर जिवंत होते. २००५ मध्ये जंगलात एकही उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर देशाने ती पद्धत सोडून कॅमेरा सापळे आणि संख्याशास्त्र यांचा आधार घेतला. २०२२ च्या गणनेचा निष्कर्ष ३,१६७ ते ३,९२५ वाघ असा आहे. मथळ्यांत मात्र ३,६८२ हा एकच आकडा झळकला. अनिश्चितता गाळून टाकलेला आकडा हे अर्धे विज्ञान होय.

यामागचे गणित स्वयंपाकघरात शिकता येते. डब्यातील राजम्याचे चाळीस दाणे काढा, खूण करून परत मिसळा. पुन्हा पन्नास दाणे काढा. त्यांत दहा खुणेचे निघाले, तर एकूण दाणे सुमारे दोनशे. हाच प्रयोग दहा वेळा करा. उत्तर दर वेळी बदलेल. त्या बदलाचे कारण ज्याला उमगले, त्याची तयारी झाली.

केनियात ग्रेव्ही झेब्य्राची गणना याच तत्त्वावर होते. जानेवारी २०१६ मध्ये तेथे सामान्य नागरिकांनी सलग दोन दिवस छायाचित्रे काढली, तीही प्राण्याच्या उजव्या बाजूचीच. दोन्ही बाजूंचे पट्टे वेगळे असतात. बाजू मिसळल्या तर एकच झेब्रा दोनदा मोजला जाईल. ही शिस्त पाळणारा शाळकरी मुलगाही विज्ञानाला हातभार लावतो. तिच्याविना काढलेले छायाचित्र केवळ आठवण ठरते.

‘आधी प्रेम जडू द्या, गणित नंतर’ असे काही शिक्षक म्हणतील. पण कोऱ्या प्रेमाला फसवणे सोपे असते. दक्षिण आफ्रिकेत सिंहाचे छावे कुरवाळायला देण्याचा धंदा अशाच प्रेमावर पोसला गेला. तेथे पिंजऱ्यात वाढवलेल्या सिंहांची शिकारही होत आली आहे. ही पैदास बंद करण्याचे धोरण तेथील सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले.

म्हणून विद्यार्थ्यांनो, पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना तीन प्रश्न विचारा. आम्ही नेमके काय मोजणार? ती नोंद कोण वापरणार? तिच्यातील चूक किती, हे कोण तपासणार? उत्तरे मिळाली तर अवश्य जा. न मिळाल्यास तो पर्यटनाचाच कार्यक्रम आहे. त्याला संरक्षण म्हणू नका, आणि विद्यापीठाच्या अर्जात तर मुळीच लिहू नका.